दोनदा दिवस राहिले, गर्भ टिकला नाही. आता अ‍ॅस्पिरिन घ्यायचं की नाही?

ताई, तुमचा प्रश्न लांबलचक आहे आणि तसाच असायला हवा. इतर वाचणाऱ्या बायकांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुमचं वय ३१. पहिला गर्भ सातव्या आठवड्यात गेला, दुसरा नवव्या. दुसऱ्या वेळी दिवस राहिल्याचं कळलं त्याच दिवसापासून ७५ मिलिग्रॅमची इकोस्प्रिन, म्हणजे अ‍ॅस्पिरिनचीच गोळी, सुरू होती. आठव्या आठवड्यात बहिणीच्या लग्नाच्या गडबडीत चार दिवस गोळी राहिली. पुढच्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत, पिशवी साफ करावी लागली. त्यानंतर तीन आठवड्यांनी, १० जूनला, रक्त तपासलं. त्यात अँटीकार्डिओलिपिन आयजीएम हे प्रतिपिंड २२ आलं आणि लॅबने पुढे ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’ छापलं. डॉक्टरांनी इकोस्प्रिन चालू ठेवायला सांगितलंय, आणि पुढच्या वेळी दिवस राहिले की लगेच पोटात टोचायची हेपारिनची, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी, इंजेक्शनं. दरम्यान तुम्ही मोबाइलवर तीन बातम्या वाचल्या. एक म्हणते अ‍ॅस्पिरिनने गर्भपात टळत नाही, दुसरी म्हणते टळतो, तिसरी म्हणते अ‍ॅस्पिरिननेच होतो. सासूबाई म्हणतात गोळी उष्ण पडते. आणि अगदी शेवटी एक ओळ: त्या चार गोळ्या चुकल्या म्हणून बाळ गेलं का?

शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देते. नाही, ताई. त्या चार गोळ्यांमुळे नाही.

नुसता धीर द्यायचा म्हणून हे म्हणत नाही, तुमच्याच रिपोर्टात तसं लिहिलेलं आहे. तुम्ही पाठवलेल्या सोनोग्राफीच्या कागदावर सीआरएल ५ मिलिमीटर आहे. सीआरएल म्हणजे गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी. ५ मिलिमीटर म्हणजे सहा आठवडे आणि एक-दोन दिवसांची वाढ. नऊ आठवड्यांचा गर्भ २२-२३ मिलिमीटर असतो. या दिवसांत तो रोज साधारण एक मिलिमीटर वाढतो. तुमची पाळी नियमित, तारीख चुकल्यावर दुसऱ्याच दिवशी घरची टेस्ट पॉझिटिव्ह आलेली, म्हणजे दिवस मोजण्यात चूक नाही. तेव्हा वाढ थांबली ती सहाव्या आठवड्यानंतर लगेच. लग्न आठव्या आठवड्यात होतं. तुम्ही मांडवात होतात तेव्हा तुमची गोळी रोजच्या रोज चालू असती तरी वाचवायला काही उरलेलं नव्हतं. तो कागद पुन्हा काढा, ५ या आकड्यावर बोट ठेवा आणि यजमानांनाही दाखवा.

गोळीच्या बाजूनेही सांगते. अ‍ॅस्पिरिन रक्तातल्या प्लेटलेट्सवर काम करतं. प्लेटलेट्सच्या आत एक एन्झाइम असतं, त्याच्यापासून थ्रॉम्बॉक्सेन नावाचा पदार्थ तयार होतो आणि त्याने प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात. अ‍ॅस्पिरिन ते एन्झाइम कायमचं बंद पाडतं. प्लेटलेट सात ते दहा दिवस जगते आणि नवं एन्झाइम बनवायची सोय तिच्यात नसते, त्यामुळे एकदा बंद पडली ती मरेपर्यंत बंद. रोज साधारण एक दशांश प्लेटलेट्स नव्या येतात. चार दिवस गोळी चुकली तर परिणाम हळूहळू उतरतो, पण चौथ्या दिवशीही निम्म्याहून जास्त प्लेटलेट्स जुन्या, गोळी लागलेल्याच असतात. बटण दाबल्यावर दिवा विझावा तसं ते होत नाही.

यावर एवढा वेळ घालवला त्याला कारण आहे. पंधराएक वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आली होती, तिसऱ्यांदा गर्भ गेल्यानंतर. खुर्चीत बसल्या बसल्या तिने पर्समधून रबरबँड लावलेला एक गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला. गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स. प्रत्येक खळग्याशेजारी बॉलपेनने तारीख घातलेली. म्हणाली, “मॅडम, एकही चुकवली नाही, मोजून बघा.” मी तिला काही विचारलंच नव्हतं. साक्ष द्यायला आल्यासारखी ती आली होती. त्या गोळ्या मीच लिहून दिल्या होत्या, आणि कशासाठी दिल्या होत्या हे प्रामाणिकपणे आठवलं तर उत्तर एकच होतं: काहीतरी द्यायला हवं म्हणून. त्या काळात दोन गर्भ गेलेल्या जवळजवळ प्रत्येकीला मी इकोस्प्रिन लिहीत असे. स्वस्त गोळी, अपाय कमी, देऊन बघू. आपण लिहिलेली प्रत्येक गोळी त्या बाईच्या डोक्यावर एक जबाबदारीही ठेवते, हे मला त्या गठ्ठ्याने शिकवलं. तेव्हापासून अ‍ॅस्पिरिनवरचं संशोधन मी जरा जास्त नीट वाचते.

आता तुमच्या तीन बातम्या. तिन्ही खऱ्या अभ्यासांवरच्या आहेत. त्या एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, कारण प्रत्येक अभ्यासाने वेगळ्या बायकांना वेगळा प्रश्न विचारलाय.

सगळ्यात जुनी तिसरी, अ‍ॅस्पिरिनने गर्भपात होतो ही. ती २००३ सालच्या अमेरिकेतल्या अभ्यासावरची आहे, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. कॅलिफोर्नियातल्या १०५५ गरोदर बायकांना विचारलं की दिवस राहिल्याच्या सुमारास तुम्ही आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या का. घेतलेल्यांमध्ये गर्भपाताचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी जास्त निघालं. आकडा भीतिदायक आहे. पण त्या १०५५ पैकी अ‍ॅस्पिरिन घेतलेल्या बायका होत्या फक्त २२. आणि मुख्य गोष्ट, माणूस वेदनाशामक कधी घेतो? दुखतं तेव्हा. गर्भ जायच्या आधी कंबर आणि ओटीपोट दुखायला लागतं, बाई गोळी घेते, मग रक्तस्राव होतो. गोळीमुळे गर्भ गेला की गर्भ जायला लागल्यामुळे गोळी घेतली, हे नुसतं विचारून कळत नाही. शिवाय दुखण्यासाठी घेतलेली गोळी मोठ्या ताकदीची असते. डोकेदुखीवरच्या डिस्प्रिनमध्येच ३५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन असतं, तुमच्या गोळीच्या साडेचार पटींहून जास्त. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या मूल होऊ द्यायच्या काळात मनाने घेऊ नयेत हे मी आजही सांगते. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल पुरतं. पण ती बातमी ७५ मिलिग्रॅमला लावायची नाही.

पहिल्या दोन बातम्या मात्र गंमत म्हणजे एकाच प्रयोगाच्या आहेत. तो प्रयोग मी सविस्तर सांगते, कारण तुमच्या परिस्थितीच्या सगळ्यात जवळचा तोच आहे.

त्याचं नाव ईगर. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तो केला. एन्रिके शिस्टरमन हे त्याचे प्रमुख संशोधक. यूटा, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया आणि कोलोराडो या चार राज्यांतल्या १२२८ बायका, वय १८ ते ४०, सगळ्यांचे आधी एक किंवा दोन गर्भ गेलेले, सगळ्या पुन्हा मूल व्हावं म्हणून प्रयत्न करणाऱ्या. चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गट पाडले. एका गटाला रोज ८१ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. फॉलिक अ‍ॅसिड दोघींना. कोणाला काय चाललंय हे बाईलाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून सुरू. सहा पाळ्यांपर्यंत वाट बघायची, राहिले तर ३६ आठवड्यांपर्यंत गोळी चालू. हे ‘आधीपासून’ लक्षात ठेवा, पुढे लागेल.

२०१४ साली लॅन्सेटमध्ये निकाल आला. अ‍ॅस्पिरिनच्या गटात ५८ टक्के बायकांच्या हाती जिवंत बाळ आलं, दुसऱ्या गटात ५३ टक्के. पाच टक्क्यांचा फरक, पण तो नुसत्या योगायोगानेही पडू शकेल इतपतच. आणि गर्भ गेल्याचं प्रमाण? अ‍ॅस्पिरिनमध्ये १३ टक्के, साध्या गोळीत १२. म्हणजे जवळपास सारखंच. ‘अ‍ॅस्पिरिनने गर्भपात टळत नाही’ ही तुमची पहिली बातमी इथून आली. ती बरोबर होती. आणि याच आकड्यांत तिसऱ्या बातमीचंही उत्तर आहे: नीट चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगात अ‍ॅस्पिरिनने गर्भपात वाढलाही नाही.

त्यात एक छोटा गट वेगळा निघाला. वर्षभरात एकच गर्भ, वीस आठवड्यांच्या आत गेलेला, अशा बायकांमध्ये ६२ विरुद्ध ५३ टक्के. इथला फरक योगायोगाच्या पलीकडे जरासाच गेला होता. मजेची गोष्ट अशी की तिथेही फायदा आला तो मुख्यतः दिवस राहण्यात; राहिलेला गर्भ टिकण्यात नाही. पुढे त्याच बायकांच्या साठवलेल्या रक्तात सीआरपी तपासलं. शरीरात कुठे सूज, दाह असेल तर हे वाढतं. ज्यांचं सीआरपी जास्त होतं त्यांच्यात अ‍ॅस्पिरिनने ५९ टक्के बाळं आणि त्याशिवाय ४४ टक्के, असा बराच मोठा फरक दिसला. इतरांमध्ये विशेष काही नाही. हे २०१७ मध्ये आलं. मला हा धागा महत्त्वाचा वाटतो, पण एवढ्यावरून मी कोणाचं सीआरपी तपासून गोळी ठरवत नाही. आधीच झालेल्या प्रयोगातून नंतर काढलेले गट कधी कधी फसवतात. याच प्रश्नासाठी मुद्दाम केलेला नवा प्रयोग हवा.

आता दुसरी बातमी, २०२१ ची. अ‍ॅश्ली नाइमी आणि सहकाऱ्यांनी ईगरचेच आकडे पुन्हा हिशेबाला घेतले. प्रश्न बदलला. २०१४ ला विचारलं होतं, गोळी ‘दिल्याने’ काय होतं. यांनी विचारलं, गोळी खरोखर ‘घेतल्याने’ काय होतं. कारण १२२८ बायकांपैकी सगळ्यांनी रोज घेतली नव्हती. कोणाला मळमळ, कोणाला रक्ताचे डाग दिसल्यावर भीती, कोणाचा उत्साह संपला. आठवड्यातले निदान पाच दिवस घेणाऱ्यांचा हिशेब केला तेव्हा दर १०० बायकांमागे ८ जणींना जास्त दिवस राहिले, ६ गर्भ कमी गेले आणि १५ बाळं जास्त जन्मली, असा अंदाज निघाला. जास्त फायदा दिवस राहण्याच्या आधीपासून घेतलेल्या गोळीचा. नंतर सुरू केली तर तो कमी होतो.

हा अभ्यास मी मानते, पण डोळे मिटून नाही. चिठ्ठ्या टाकून पाडलेले गट एकसारखे असतात. ‘ज्यांनी नीट गोळ्या घेतल्या’ आणि ‘ज्यांनी नाही घेतल्या’ हे गट एकसारखे नसतात. जिला उलट्या होत नाहीत, जिला डाग दिसत नाहीत, ती गोळी घेत राहते, आणि तिचा गर्भ कदाचित तसाही टिकणार असतो. संशोधकांनी हे फरक हिशेबात धरायचा चांगला प्रयत्न केला, तरी पूर्ण जमत नाही. शिवाय त्या बायका बहुतेक गोऱ्या, शिकलेल्या, बऱ्या परिस्थितीतल्या होत्या. ६ गर्भ कमी जातात या आकड्याची खालची बाजू शून्याला जवळपास टेकलेली आहे. त्यामुळे ‘अ‍ॅस्पिरिनने गर्भपात टळतो’ असं मी म्हणणार नाही. एक-दोन गर्भ गेलेल्या, तब्येतीने बऱ्या बाईने दिवस राहण्याच्या आधीपासून घेतलं तर कदाचित थोडा उपयोग, अपाय अगदी कमी, एवढंच म्हणेन. आणि तुमच्यासाठी त्यात एक दिलासा आहे: आठवड्यात पाच दिवस घेणाऱ्यांनाच ‘नीट घेणाऱ्या’ धरलंय. रोजच्या रोज, घड्याळ लावून, असं संशोधकांनीही मागितलं नाही.

बरं, हे एक-दोन गर्भ गेलेल्यांचं. वारंवार जातात आणि कारण सापडत नाही अशांवर नेदरलँड्समध्ये एक प्रयोग झाला, अ‍ॅलाइफ नावाचा, २०१० साली प्रसिद्ध झाला. ३६४ बायका, तीन गट: अ‍ॅस्पिरिन आणि हेपारिनचं इंजेक्शन, नुसतं अ‍ॅस्पिरिन, आणि काहीच औषध नसलेली गोळी. ज्यांना दिवस राहिले त्यांच्यापैकी पहिल्या गटात ६९ टक्क्यांना बाळ झालं, दुसऱ्यात ६२, आणि काहीच न दिलेल्यांत ६७. हा शेवटचा आकडा मी दवाखान्यात कितीतरी बायकांना कागदावर लिहून दिलाय. कारण न सापडलेल्या, अनेकदा गर्भ गेलेल्या बायका, औषध काही नाही, आणि तरी दर तिघींपैकी दोघींच्या मांडीवर बाळ. त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या स्पिन नावाच्या प्रयोगातही अ‍ॅस्पिरिन-हेपारिनचा फायदा निघाला नाही. युरोपातल्या वंध्यत्व-तज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वंही कारण न सापडलेल्या वारंवार गर्भपातात ही दोन्ही औषधं देऊ नका असंच सांगतात.

असं का? पहिल्या तीन महिन्यांत गेलेल्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त गर्भांत गुणसूत्रांची गडबड असते. बीज जुळतानाच एखादं गुणसूत्र जास्तीचं आलं किंवा कमी पडलं. तिथे रक्त कितीही पातळ केलं तरी गर्भ वाढणार नाही. तुमचा दुसरा गर्भ ५ मिलिमीटरवर थांबला, त्याचंही बहुधा हेच कारण असावं. पिशवी साफ करताना निघालेला अंश गुणसूत्रांच्या तपासणीला पाठवला असता तर नक्की कळलं असतं. देव न करो, पण पुन्हा वेळ आली तर आधी डॉक्टरांना हे सांगून ठेवा. तो अंश मिठाच्या पाण्यात, म्हणजे सलाइनमध्ये पाठवायचा असतो, फॉर्मेलिनमध्ये बुडवला की तपासणी बिघडते.

आता मात्र तुमच्या कागदावरचा तो २२ आकडा. कारण एक आजार असा आहे जिथे अ‍ॅस्पिरिन-हेपारिनला खरंच काम आहे: अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम. यात शरीर स्वतःच्याच पेशींच्या आवरणाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. वारेत गुठळ्या होतात, आणि वार रुजण्यातच अडथळा येतो. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात १९९७ साली अशा ९० बायकांवर प्रयोग झाला. नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर ४२ टक्क्यांना बाळ झालं, अ‍ॅस्पिरिन आणि हेपारिनवर ७१ टक्क्यांना. त्या एका अभ्यासाने जगभरची पद्धत बदलली. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत फरक इतका मोठा आला नाही हेही सांगायला हवं; इंग्लंडमध्येच २००२ साली आलेल्या एका प्रयोगात दोन्ही गट जवळजवळ बरोबरीत होते. आणि नुसतं अ‍ॅस्पिरिन या आजारातही पुरतं का याची शंकाच आहे: न्यूझीलंडमधल्या ४० बायकांच्या छोट्या प्रयोगात अ‍ॅस्पिरिनवर ८० टक्के बाळं झाली आणि साध्या गोळीवर ८५. तरी आज हा आजार पक्का ठरला तर मी दोन्ही देते. अ‍ॅस्पिरिन आधीपासून, हेपारिन टेस्ट पॉझिटिव्ह आल्यापासून.

पण आजार पक्का ठरला तर. तुमचा ठरलेला नाही, ताई. तीन कारणं आहेत. एक, २२ ही पातळी कमी आहे. निदानाच्या निकषात ४० युनिटच्या वर किंवा त्या लॅबच्या निरोगी माणसांच्या ९९ टक्क्यांच्या वर हवी. लॅब मात्र स्वतःची मर्यादा ओलांडली की ‘पॉझिटिव्ह’ छापते, आणि त्या एका शब्दावर बायकांच्या झोपा उडतात. दोन, एकदा येऊन चालत नाही. साधा व्हायरल ताप येऊन गेला तरी ही प्रतिपिंडं काही आठवडे वर जातात आणि आपोआप उतरतात. म्हणून कमीत कमी बारा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. तीन, तपासण्या अपुऱ्या आहेत. तीन गोष्टी लागतात: अँटीकार्डिओलिपिन, अँटी-बीटा-२-ग्लायकोप्रोटीन-१, आणि ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट. शेवटची सगळ्यात महत्त्वाची, आणि तुमच्या कागदावर तीच नाही. नाव ल्युपस असलं तरी तुम्हाला ल्युपस हा आजार आहे असा त्याचा अर्थ नाही. नावाने घाबरू नका.

या तपासणीसाठी इकोस्प्रिन बंद करावी लागत नाही. हेपारिन चालू असेल तर ल्युपसची तपासणी फसू शकते, म्हणून रक्त इंजेक्शनं सुरू व्हायच्या आधी द्यायचं. इंजेक्शनांबद्दल तुमच्या डॉक्टरांशी याच मुद्द्यावर बोला. त्यांच्यावर रागावू नका. दोन गर्भ गेलेली बाई समोर बसली की काही न देता पाठवणं किती कठीण असतं हे मला माहीत आहे. पण नऊ महिने रोज पोटात सुई, बेंबीभोवती हिरवे-निळे डाग, महिन्याला हजारोंचा खर्च, हे सगळं एका न तपासलेल्या २२ वर सुरू करू नये. जन्मजात गुठळीच्या दोषांसाठीही ही इंजेक्शनं सर्रास दिली जायची. २०२३ साली अ‍ॅलाइफ-२ चा निकाल आला: इंजेक्शन घेतलेल्या बायकांत ७१.६ टक्के बाळं, न घेतलेल्यांत ७०.९.

सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नका. ‘उष्ण पडते’ म्हणजे त्यांच्या मनात रक्त जाण्याची भीती आहे, आणि ती अगदीच निराधार नाही. ईगरमध्ये अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या बायकांना योनीतून रक्ताचे डाग थोडे जास्त दिसले. फक्त त्या डागांमुळे गर्भ जास्त गेले नाहीत. त्यांना हे असंच सांगा: डाग दिसू शकतो, दिसला तर डॉक्टरांना फोन करायचा, पण बाळ जाणार असा त्याचा अर्थ नाही. जेवणानंतर घ्या, गोळी चावू नका. पोटात अल्सर असेल, दमा वेदनाशामकांनी वाढत असेल, तर मात्र नको. आणि आता पावसाळा आहे. ताप आला तर त्या दिवसापासून इकोस्प्रिन थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. डेंग्यूत प्लेटलेट्स आधीच कमी होतात, तिथे ही गोळी धोक्याची.

अ‍ॅस्पिरिन सरसकट निरुपयोगी आहे असा समज करून घेऊ नका. त्याचं खरं काम गरोदरपणाच्या उत्तरार्धात दिसतं, जिथे दोष गर्भात नसून वारेच्या रक्तपुरवठ्यात असतो. आपल्या नागपूर आणि बेळगावच्या बायकांनी हे जगाला दाखवायला मदत केली आहे. भारत, पाकिस्तान, केनिया, झांबिया, काँगो आणि ग्वाटेमाला या सहा देशांत पहिलटकरणींवर एक मोठा प्रयोग झाला, ११,९७६ बायका. भारतातली केंद्रं ही दोन. सहाव्या ते चौदाव्या आठवड्यादरम्यान ८१ मिलिग्रॅम सुरू केलं. २०२० च्या निकालात वेळेआधी जन्मणारी बाळं १३.१ टक्क्यांवरून ११.६ वर आली, आणि सोळाव्या आठवड्यानंतर पोटात किंवा जन्मानंतर आठवड्याच्या आत दगावणारी बाळं हजारी ६०.८ वरून ५२.१ वर. एवढ्या स्वस्त गोळीने. हे वाचलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. पण हिशेब सोळाव्या आठवड्यापुढचा आहे. तुमचे दोन्ही गर्भ त्याच्या कितीतरी आधी गेले. तुम्हाला पुढच्या वेळी बाराव्या आठवड्याला रक्तदाब जास्त वाटला, किंवा आईला-बहिणीला बाळंतपणात झटके आले असतील, तर त्या कारणासाठी अ‍ॅस्पिरिन द्यायचा विचार होईल, कदाचित रात्री १५० मिलिग्रॅम. ते वेगळं प्रकरण.

बाकीच्या तपासण्या पटकन. थायरॉइड, तीन महिन्यांची साखर, आणि गर्भाशयात जन्मतः पडदा आहे का हे बघायला एक थ्रीडी सोनोग्राफी. तुमच्या फाइलमधली टॉर्चची, म्हणजे काही संसर्गांसाठीची रक्ताची, तपासणी पुन्हा करू नका, वारंवार गर्भ जाण्याचं कारण तिच्यातून कळत नाही. घरात मिश्री लावायची सवय असेल तर ती आजच सोडा, हे मी फार कळकळीने सांगते. मुंबईत झालेल्या अभ्यासात बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या बायकांमध्ये मृत बाळ जन्मण्याचा धोका अडीच पटींहून जास्त निघाला होता. यजमानांच्या खिशातली पुडीही त्याच दिवशी बाहेर टाका.

सहा महिने थांबायला हवं का, असंही तुम्ही विचारलंय. नको. ईगरमधल्याच बायकांचा हिशेब आहे: गर्भ गेल्यावर तीन महिन्यांच्या आत पुन्हा प्रयत्न सुरू करणाऱ्यांपैकी ५३ टक्क्यांना बाळ झालं, त्याहून थांबणाऱ्यांत ३६ टक्क्यांना. शरीर तयार असतं. मन तयार आहे का ते तुम्ही दोघांनी ठरवायचं.

म्हणून माझा सल्ला असा. पोट आणि दमा ठीक असेल तर ७५ ची इकोस्प्रिन चालू राहू दे, चुकली तर चुकली, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. फॉलिक अ‍ॅसिड रोज. १० जूननंतर बारा आठवडे २ सप्टेंबरला पूर्ण होतात. त्याच्या आधी रक्त देऊ नका, आणि त्या दिवशी तिन्ही तपासण्या एकदम, शक्यतो त्याच लॅबमध्ये. ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटसाठी निळ्या झाकणाची बाटली काठोकाठ भरावी लागते आणि नमुना लवकर फिरवावा लागतो, म्हणून घरी रक्त घ्यायला बोलावू नका, लॅबमध्ये सकाळी जा. निगेटिव्ह आलं तर इंजेक्शनांचा विषय संपला. अ‍ॅस्पिरिन चालू ठेवायचं की सोडायचं ही तुमची मर्जी, मी कुठल्याच बाजूने आग्रह धरणार नाही. पॉझिटिव्ह आलं, पातळी खरोखर वर असेल किंवा ल्युपसची तपासणी पॉझिटिव्ह असेल, तर मात्र अ‍ॅस्पिरिन अजिबात सोडायचं नाही आणि दिवस राहिल्याची टेस्ट आली की त्याच आठवड्यात हेपारिन. आणि सप्टेंबरच्या आधीच पाळी चुकली तर आनंदाची गोष्ट आहे, घाबरू नका. रक्त त्याच दिवशी द्या आणि सातव्या आठवड्यात सोनोग्राफीला जा. जाताना सोबत कोणालातरी घेऊन जा, एकट्या जाऊ नका.